पान प्रकाश कसा पकडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकातले प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून सुरू होते, ग्लुकोज आणि ऑक्सिजनपाशी संपते आणि 'सूर्यप्रकाश' हा शब्द मधल्या बाणावर लिहून मोकळे होते. येथील प्रश्न त्या बाणावरच्या एका शब्दाविषयी आहेत. प्रकाश पानावर पडल्यापासून त्याची ऊर्जा रासायनिक रूपात स्थिर होईपर्यंत काय घडते, एवढाच त्यांचा आवाका आहे. साखर तयार होण्याचा पुढचा भाग लागेल तेवढाच घेतला आहे.

प्रकाश 'पकडणे' म्हणजे नेमके काय?

प्रकाशाची ऊर्जा सुट्या कणांच्या रूपात येते आणि या कणाला फोटॉन म्हणतात. हरितद्रव्याचा रेणू फोटॉन घेतो तेव्हा तो संपूर्ण घेतो, अर्धामुर्धा नाही, आणि त्या ऊर्जेने रेणूतला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. रेणू आता 'उत्तेजित' झाला. मात्र ही अवस्था अत्यंत अल्पजीवी असते. द्रावणात एकटा ठेवलेला हरितद्रव्याचा रेणू सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या जेमतेम पाच-सहा पट काळ उत्तेजित राहतो आणि मग ती ऊर्जा उष्णतेच्या किंवा तांबड्या चमकेच्या रूपात निघून जाते. त्याआधी दोन गोष्टी घडू शकतात: ऊर्जा शेजारच्या रेणूकडे सरकू शकते, किंवा तो वर गेलेला इलेक्ट्रॉनच दुसऱ्या रेणूला देऊन टाकता येतो. प्रकाशसंश्लेषण या दोन वाटांवर उभे आहे. फोटॉन शोषून घेणे सोपे असते, काळा रंगवलेला पत्राही ते करतो. त्याची ऊर्जा निसटण्याआधी कामाला लावणे हे अवघड असून पानाची बहुतेक सारी रचना त्यासाठी आहे.

हरितद्रव्यात असे कोणते वैशिष्ट्य आहे?

या रेणूला एक चपटे वलय असते, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो आणि एका बाजूला लांब, पाण्याशी न जमणारी शेपटी असते. वलयात एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येत असल्यामुळे त्यातले इलेक्ट्रॉन एका अणूशी जखडलेले नसतात, आणि अशा सैल इलेक्ट्रॉनांना हलवायला दृश्य प्रकाशाची ऊर्जा पुरते. वनस्पतींत हरितद्रव्य-ए आणि हरितद्रव्य-बी असे दोन प्रकार असतात. इथरमध्ये विरघळवलेले हरितद्रव्य-ए सुमारे ४३० आणि ६६२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषते, तर बी ४५३ आणि ६४२ नॅनोमीटरच्या आसपासचा. म्हणजे दोघेही वर्णपटाच्या निळ्या आणि तांबड्या टोकांना काम करतात आणि एकमेकांच्या फटी थोड्याफार भरून काढतात. शिवाय कॅरोटिनॉइड गटातली पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये निळ्या-हिरव्या भागात भर घालतात.

निळ्या फोटॉनमध्ये तांबड्यापेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते, मग त्यापासून जास्त साखर मिळते का, असे पुष्कळदा विचारले जाते. तसे होत नाही. निळा फोटॉन इलेक्ट्रॉनला आणखी वरच्या पातळीवर नेतो हे खरे, पण तेथून तो जवळजवळ तत्काळ खालच्या, म्हणजे तांबड्या फोटॉनने जिथे पोहोचला असता त्याच पातळीवर येतो आणि मधला फरक उष्णता होऊन जातो. ४३० नॅनोमीटरच्या फोटॉनमधली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ऊर्जा अशी पहिल्याच क्षणी गमावली जाते.

पान हिरवे दिसते, म्हणजे हिरवा प्रकाश वायाच जातो ना?

नाही, आणि हा गैरसमज पाठ्यपुस्तकातल्या आलेखांनीच पसरवला आहे. त्या आलेखांत दाखवलेले असते ते परीक्षानळीतले पातळ द्रावण. खऱ्या पानात प्रकाश पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा विखुरतो, त्यामुळे हिरवा फोटॉन अनेक हरितलवकांजवळून, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या पेशीतल्या घटकांजवळून, जातो आणि बहुतेक वेळा कुठे तरी शोषला जातोच. सामान्य पान आपल्यावर पडलेल्या हिरव्या प्रकाशाचा बहुतांश भाग शोषते. निळा आणि तांबडा मात्र जवळजवळ पूर्ण शोषते, आणि उरलेल्या थोड्या हिरव्यामुळेच ते आपल्याला हिरवे दिसते. उलट भर उन्हात हिरव्या प्रकाशाचा एक फायदा असतो: निळा-तांबडा प्रकाश पानाच्या वरच्या थरातच संपतो, हिरवा खोलवरच्या हरितलवकांपर्यंत पोहोचतो.

प्रत्येक हरितद्रव्याचा रेणू स्वतंत्रपणे काम करतो का?

याचे उत्तर १९३२ मध्ये रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड यांच्या प्रयोगातून मिळाले. त्यांनी क्लोरेला या एकपेशीय शैवालावर अतिशय लहान पण प्रखर झोत टाकले, असे की त्या क्षणी प्रत्येक रेणूला प्रकाश मिळावा. प्रत्येक रेणू आपापले काम करत असता तर झोतामागे भरपूर ऑक्सिजन निघायला हवा होता. प्रत्यक्षात सुमारे २,५०० हरितद्रव्य-रेणूंमागे ऑक्सिजनचा अवघा एक रेणू निघाला. त्यावेळी हा आकडा कोड्यात टाकणारा होता.

उलगडा असा झाला की हरितद्रव्याचे बहुसंख्य रेणू स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया करत नाहीत. ते केवळ ऊर्जा गोळा करून एका ठरावीक जागी पोहोचवतात. कौलारू छपरावर कुठेही पडलेले पावसाचे थेंब पन्हळीतून एकाच हंड्यात यावेत, तशी ही व्यवस्था आहे. गोळा करणाऱ्या रेणूंच्या समूहाला ॲंटेना म्हणतात आणि जिथे रासायनिक क्रिया होते त्या जागेला अभिक्रिया केंद्र. एका केंद्रामागे साधारण दोनशे ते तीनशे हरितद्रव्य-रेणू असतात.

एवढा मोठा ताफा लागण्याचे कारण व्यावहारिक आहे. भर दुपारीही हरितद्रव्याच्या एका रेणूच्या वाट्याला सेकंदाला मोजकेच फोटॉन येतात, आणि सावलीत तर वाट पाहावी लागते. अभिक्रिया केंद्र मात्र सेकंदाला त्याहून कितीतरी अधिक वेळा काम करू शकते. प्रत्येक रेणूला स्वतंत्र केंद्र देणे म्हणजे महागडी यंत्रणा बहुतेक वेळ रिकामी बसवणे झाले असते.

ॲंटेनातले रेणू प्रथिनांच्या चौकटीत ठरावीक अंतरावर आणि ठरावीक कोनात बसवलेले असतात. एका रेणूकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन जात नाही, फक्त उत्तेजना जाते, आणि शेजाऱ्यांमधली एक उडी बहुधा पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आतबाहेर होते. म्हणूनच काही अब्जांश सेकंदांच्या मुदतीत ऊर्जा शेकडो रेणूंमधून वाट काढून केंद्रापर्यंत पोहोचू शकते.

अभिक्रिया केंद्रात काय होते?

इथे ऊर्जेची वाटचाल संपते आणि इलेक्ट्रॉनाची सुरू होते. केंद्रातले विशेष हरितद्रव्य उत्तेजित झाले की काही पिकोसेकंदांत आपला इलेक्ट्रॉन शेजारच्या स्वीकारकाला देते. मागे धन प्रभार राहतो, पुढे ऋण. हे दोन प्रभार पुन्हा एकत्र आले तर सारे व्यर्थ जाईल, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका स्वीकारकापाशी थांबत नाही. तो लगेच दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जातो, प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा सोडतो आणि तेवढा मागे फिरण्याची शक्यता कमी करतो. प्रकाश खऱ्या अर्थाने पकडला गेला असे म्हणायचे तर ते या क्षणी.

अशा केंद्रातल्या अणूंची मांडणी प्रथम एका प्रकाशसंश्लेषी जिवाणूमध्ये उलगडली आणि त्यासाठी योहान डायझेनहोफर, रॉबर्ट हूबर आणि हार्टमूट मिशेल यांना १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पतींना दोन प्रकाशप्रणाली का लागतात?

कारण एका तांबड्या फोटॉनमध्ये या कामासाठी पुरेशी ऊर्जा नसते. पाण्यातून इलेक्ट्रॉन काढून तो एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूपर्यंत चढवायचा असतो, आणि वाटेत अपरिहार्य तोटाही सोसायचा असतो. म्हणून ही चढण दोन टप्प्यांत होते, आणि प्रत्येक टप्प्याला एक प्रकाशप्रणाली, म्हणजे अभिक्रिया केंद्र आणि त्याचा ॲंटेना, असते. प्रकाशप्रणाली २ मधले पी-६८० हे केंद्र पाण्याकडून इलेक्ट्रॉन घेते. तो प्लास्टोक्विनोन, सायटोक्रोम संकुल आणि तांबे असलेले प्लास्टोसायनिन या वाहकांमार्गे उतरत प्रकाशप्रणाली १ मधल्या पी-७०० पर्यंत येतो, आणि तिथे दुसरा फोटॉन त्याला पुन्हा वर नेतो. नावांतले आकडे ही केंद्रे ज्या तरंगलांबीला ओळखली जातात त्यांचे आहेत. १ आणि २ हे क्रमांक मात्र कामाच्या क्रमाने पडलेले नाहीत, आणि विद्यार्थी इथेच हमखास गोंधळतात.

दोन टप्पे असल्याचा सुगावा पुन्हा इमर्सन यांनाच लागला. ६८० नॅनोमीटरच्या पलीकडच्या गडद तांबड्या प्रकाशात हरितद्रव्य अजून शोषण करत असतानाही प्रकाशसंश्लेषणाची उत्पादकता एकदम कोसळते, हे त्यांना आणि चार्लटन लुईस यांना १९४३ मध्येच दिसले होते. १९५७ मध्ये त्यांनी दाखवले की त्या गडद तांबड्या प्रकाशाच्या जोडीला कमी तरंगलांबीचा प्रकाश दिला, तर दोघांच्या वेगवेगळ्या उत्पादनाच्या बेरजेपेक्षा जास्त उत्पादन मिळते. दोन वेगळ्या यंत्रणा एकमेकींवर अवलंबून आहेत असे मानल्याशिवाय याचा अर्थ लागत नव्हता. १९६० मध्ये केंब्रिजचे रॉबर्ट हिल आणि फे बेंडल यांनी दोन टप्प्यांची मांडणी केली, जी आज प्रत्येक पुस्तकात आडव्या झेड अक्षराच्या आकृतीने दाखवली जाते.

ऑक्सिजन पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून?

पाण्यातून. १९४१ मध्ये सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाने खूण केलेले पाणी वापरून हे दाखवले.

पाणी तोडणे सोपे नाही. इलेक्ट्रॉन गमावलेले पी-६८० हे सजीव सृष्टीतले सर्वांत प्रबळ ज्ञात ऑक्सिडीकारक, म्हणजे इतरांचे इलेक्ट्रॉन ओढून घेणारे, आहे, तेव्हाच ते पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेऊ शकते. प्रत्यक्ष काम मँगेनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच अशा एका लहानशा गुच्छात होते. त्याची सुस्पष्ट रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ऑक्सिजनचा एक रेणू सोडण्यासाठी पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात आणि फोटॉन मात्र एकावेळी एकच इलेक्ट्रॉन हलवतो, त्यामुळे हा गुच्छ हिशेब ठेवतो. पिएर जोलियो यांनी १९६९ मध्ये अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर एकामागून एक झोत टाकले तेव्हा ऑक्सिजन तिसऱ्या झोताला उसळला, मग सातव्याला, मग अकराव्याला. पुढच्याच वर्षी बेसेल कोक यांनी याचा अर्थ लावला: गुच्छ चार पायऱ्यांच्या चक्रातून जातो, आणि अंधारात तो बहुधा पहिली पायरी आधीच चढून बसलेला असतो, म्हणून पहिली उसळी चौथ्याऐवजी तिसऱ्या झोताला येते. जीवरसायनशास्त्रात इतका नितळ पुरावा क्वचितच हाती लागतो.

ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी किती फोटॉन लागतात?

किमान आठ, मोजमापात साधारण नऊ-दहा. चार इलेक्ट्रॉन आणि प्रत्येकाला दोन धक्के, हा हिशेब आज सरळ वाटतो, पण या आकड्यावरून विसाव्या शतकातला एक मोठा वैज्ञानिक वाद झाला. १९३१ चे नोबेल मिळवणारे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांचा दावा होता की चारच फोटॉन पुरतात, आणि नंतर तर त्यांनी तो आकडा आणखी खाली आणला. इमर्सन हे बर्लिनमध्ये त्यांचेच विद्यार्थी होते. त्यांना स्वतःच्या प्रयोगांत मात्र आठ ते बाराच्या खाली आकडा मिळत नव्हता. १९४८ मध्ये वारबुर्ग अमेरिकेत अर्बाना येथे इमर्सन यांच्या प्रयोगशाळेत आले, पण एकमत झाले नाही. इमर्सन १९५९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या विमान अपघातात गेले. पुढच्याच वर्षी आलेल्या दोन प्रणालींच्या मांडणीने त्यांचा आकडा खरा ठरवला. त्यांच्या हाताखाली शिकायला अलाहाबादहून अर्बानाला गेलेले गोविंदजी पुढे प्रकाशप्रणाली २ च्या अभ्यासातले अग्रगण्य नाव झाले.

पकडलेली ऊर्जा शेवटी कुठे साठते?

दोन रेणूंत. एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन वाहून नेतो आणि एटीपी ऊर्जा पुरवतो. इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोनच्या मार्गाने जात असताना हायड्रोजन आयन हरितलवकातल्या थायलाकॉइड नावाच्या पटलाच्या पिशवीसारख्या पोकळीत ढकलले जातात, पाणी तुटल्याने तिथे आणखी भर पडते आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा पुष्कळ आम्लधर्मी होतो. हे आयन एटीपी बनवणाऱ्या विकरातून (एन्झाइममधून) बाहेर पडताना त्याचा एक भाग खरोखरच गरगर फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतो. आयनांच्या आत-बाहेरच्या फरकातून एटीपी बनतो ही कल्पना मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चे नोबेल मिळाले.

एक अडचण राहते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधण्यासाठी दोन एनएडीपीएच आणि तीन एटीपी लागतात, तर सरळ मार्गाने एटीपी थोडे कमी पडतात. तेव्हा प्रकाशप्रणाली १ मधून निघालेले काही इलेक्ट्रॉन पुढे न जाता परत साखळीत शिरतात. त्यातून एनएडीपीएच मिळत नाही, पण एटीपी मिळतो. ऊस, मका आणि ज्वारी यांच्या पानांत शिरांभोवती असलेल्या पेशींनी तर हेच मुख्य काम पत्करले आहे. त्यांच्या हरितलवकांत थायलाकॉइडच्या चळती जवळजवळ नसतात, प्रकाशप्रणाली २ नगण्य असते आणि ऑक्सिजनही फारसा तयार होत नाही. कार्बन बांधणाऱ्या विकराजवळ ऑक्सिजन नको असतो, त्यामुळे ही तडजोड या पिकांच्या फायद्याची आहे.

ऊन जितके जास्त तितके पानाला चांगले, असे आहे का?

या पानावरच्या सर्व प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सामान्य समज इथे नेमका उलटा आहे. गहू, भात किंवा सोयाबीन यांचे एकटे पान भर दुपारच्या उन्हाच्या पाव ते अर्ध्या भागातच आपली कमाल गाठते. पुढचा प्रकाश ते शोषत राहते, पण कार्बन बांधणारी बाजू त्या वेगाने चालू शकत नाही. अशा वेळी ॲंटेनातली ऊर्जा तुंबते, हरितद्रव्य जास्त काळ उत्तेजित राहते, आणि त्याची ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला मिळाली तर ऑक्सिजनचे एक अतिशय विध्वंसक रूप तयार होते जे प्रथिने आणि पटले जाळत सुटते.

पानाने यावर अनेक तोडगे काढले आहेत. प्रखर प्रकाशात हरितलवक पेशीच्या कडेच्या भिंतींशी सरकून एकमेकांच्या सावलीत उभे राहतात. थायलाकॉइडच्या आतली आम्लता वाढली की व्हायोलाझँथिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचे झिआझँथिनमध्ये रूपांतर होते आणि ॲंटेना ऊर्जा केंद्राकडे पाठवण्याऐवजी उष्णतेत उधळू लागतो. एवढे करूनही प्रकाशप्रणाली २ मधले डी-१ हे प्रथिन बिघडतेच; तीव्र उन्हात ते अर्ध्या तासाच्या आसपास निकामी होते, आणि पेशी ते काढून नवे बसवत राहते. दुपारच्या पानात बांधकामाइतकेच दुरुस्तीचे काम चालू असते.

तणनाशकांचा प्रकाशाशी काय संबंध?

काहींचा थेट संबंध आहे. मका आणि ऊस यांत वापरले जाणारे ॲट्राझीन नेमक्या त्या डी-१ प्रथिनात जाऊन बसते आणि प्लास्टोक्विनोनची जागा अडवते. प्रकाश पकडला जातो, इलेक्ट्रॉन मात्र पुढे सरकत नाही. तण उपाशी मरते असे लोक समजतात. वास्तविक ते त्याआधीच, न वापरलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेने जळून मरते. मका आणि ऊस वाचतात, कारण ते ॲट्राझीनचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करू शकतात. पॅराक्वाट दुसऱ्या टोकाला काम करते: ते प्रकाशप्रणाली १ कडून इलेक्ट्रॉन हिसकावून ऑक्सिजनला देते, म्हणून उन्हात त्याचा परिणाम काही तासांतच दिसतो. माणसालाही ते अत्यंत विषारी असून त्यावर उतारा नाही.

लाल माठाची पाने लाल असतात; मग त्यांत प्रकाशसंश्लेषण होते का?

होते, आणि चांगले होते. लाल माठात हरितद्रव्य पुरेसे असते, फक्त बीटासायनिन या लाल रंगद्रव्याने ते झाकलेले असते. भाजी शिजवताना लाल रंग पाण्यात उतरतो आणि पानातला हिरवेपणा डोकावतो, हे स्वयंपाकघरात कोणीही पाहू शकते. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडावर कुसुंबाला येणारी लालभडक पालवी किंवा आंब्याची तांबूस कोवळी पाने ही गोष्ट थोडी वेगळी आहे; तिथे अँथोसायनिन असते आणि हरितद्रव्य अजून पुरते तयार झालेले नसते. कोवळ्या पानाची यंत्रणा उभी राहीपर्यंत हा लाल रंग जादा प्रकाश अडवत असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, हे खरे का?

नाही. ऑक्सिजन पाणी तुटल्यावरच सुटतो आणि पाणी तोडायला पी-६८० ला फोटॉन लागतो. रात्री तो मिळत नाही, मग झाड कितीही पूज्य असो. रात्री पिंपळही इतर झाडांप्रमाणे श्वसन करतो. गोंधळ बहुधा निवडुंग, घायपात, अननस अशा वनस्पतींवरून होतो: त्या पाणी वाचवण्यासाठी रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात, पण त्यांचाही ऑक्सिजन दिवसाच तयार होतो. चांदण्याचे म्हणाल, तर पौर्णिमेचा प्रकाश भर उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतका असतो. श्वसनाचा खर्च भागवायलाही तो पुरत नाही.

पाने पिवळी पडली तर प्रकाश पकडण्यात नेमके काय बिघडलेले असते?

कोणती पाने, हे आधी पाहावे. मॅग्नेशियम कमी पडले की झाड जुन्या पानांतले मॅग्नेशियम काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी होतात. लोह असे सहज हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या पानांवर दिसते. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, पण तो घडवायला ते लागते, आणि प्रकाशप्रणाली १ च्या एकेका केंद्रात लोहाचे बारा अणू असतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अशा शेतातल्या उसाची कोवळी पाने पिवळट-पांढरी पडतात आणि शेतकरी त्यावर हिराकस फवारतात.

वनस्पती क्वांटम संगणकासारखी युक्ती वापरतात, असे वाचले होते. ते खरे आहे का?

२००७ मध्ये एका हरित जिवाणूच्या ॲंटेना-प्रथिनावर झालेल्या प्रयोगात लहरींसारखे ठोके दिसले आणि ऊर्जा एकाच वेळी सर्व वाटा तपासून सर्वोत्तम वाट निवडते, अशी मांडणी झाली. पुढच्या दशकभरातल्या काटेकोर प्रयोगांनी ते ठोके मुख्यतः रेणूंच्या कंपनांचे असल्याचे दाखवले. फोटॉन शोषणे, उत्तेजनेचे अनेक रेणूंवर पसरणे हे सारे क्वांटम भौतिकीचेच आहे. पण पान 'सर्व वाटा तपासते' हे विधान आता सोडून द्यावे.

सूर्याच्या ऊर्जेपैकी किती भाग पिकात उतरतो?

फारच थोडा. सूर्यप्रकाशातली निम्म्याहून जास्त ऊर्जा वनस्पतींना न वापरता येणाऱ्या तरंगलांबीत असते. उरलेल्यातून परावर्तन, निळ्या फोटॉनचा तोटा, इलेक्ट्रॉनाच्या वाटेवरचा तोटा, साखर बांधण्याचा खर्च आणि श्वसन वजा केल्यास भात-गव्हासारख्या पिकांची सैद्धांतिक कमाल सुमारे ४.६ टक्के आणि ऊस-ज्वारीसारख्यांची ६ टक्के येते. शेतात हंगामभराची सरासरी बहुधा एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

सुधारणेला वाव कुठे आहे, हे अर्बानाच्याच इलिनॉय विद्यापीठातल्या एका प्रयोगाने दाखवले. ढग आल्यावर किंवा वरच्या पानाची सावली पडल्यावर उष्णतेत ऊर्जा उधळण्याची यंत्रणा लगेच बंद होत नाही, तिला काही मिनिटे लागतात आणि तेवढा प्रकाश फुकट जातो. ही यंत्रणा जलद आवरेल असे जनुकीय बदल केलेल्या तंबाखूच्या झाडांचे शेतातले वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जास्त प्रकाश पकडायला शिकवून नव्हे, तर पकडलेला प्रकाश कमी टाकायला शिकवून उत्पादन वाढले.

थंड देशांत तुळस किंवा कढीपत्ता घरात दिव्याखाली जगवता येतो का?

येतो, पण डोळ्यांना लख्ख वाटणारी खोली झाडाच्या दृष्टीने काळोखीच असते. भर उन्हात एका चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल (फोटॉनची संख्या मोजण्याचे एकक) उपयुक्त फोटॉन पडतात; बैठकीच्या खोलीत याचा शंभरावा भागही अनेकदा मिळत नाही. दिवा घेताना वॅट किंवा ल्युमेनपेक्षा फोटॉनचा हा आकडा पाहावा आणि दिवा झाडाच्या जवळ ठेवावा. जांभळ्या रंगाचाच दिवा हवा असे नाही, पांढरा एलईडीही चालतो.

हे सारे डोळ्यांनी पाहता येईल असे काही आहे का?

पालकाची चार पाने चुरून थोड्या स्पिरिटमध्ये दहा मिनिटे ठेवावीत आणि द्रावण गाळून घ्यावे. जवळपास ज्योत नसावी. हे हिरवे द्रावण अंधारात नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरले की गडद तांबडे चमकते. ॲंटेनाची चौकट मोडली आहे, केंद्रापर्यंत वाट नाही, त्यामुळे उत्तेजित हरितद्रव्य ऊर्जा चमकेच्या रूपात सोडते. अखंड पानही चमकते, पण शोषलेल्या प्रकाशाच्या एक-दोन टक्के, फार तर थोडी अधिक. ती चमक डोळ्यांना दिसत नाही, उपकरणांना दिसते. २०१४ मध्ये सोडलेला नासाचा ओसीओ-२ हा उपग्रह कार्बन डायऑक्साइडबरोबर शेतांची आणि जंगलांची ही चमकही मोजतो. तिच्यावरून प्रकाशसंश्लेषणाचा अंदाज बांधताना उष्णतेत उधळली जाणारी ऊर्जाही विचारात घ्यावी लागते, कारण उधळपट्टी वाढली की काम आणि चमक दोन्ही एकदम घटतात.